छापा विमानाचा, काटा सराफाचा

धनत्रयोदशी जवळ आली की रायपूरच्या सदर बाजारात पाय ठेवायला जागा उरत नाही. सराफांच्या पेढ्यांवर लक्ष्मी-गणपतीच्या चांदीच्या नाण्यांच्या चळती लागतात. शेजारी राणीछाप आणि राजाछाप जुने रुपये मांडलेले असतात. जाणकार गिऱ्हाईक रुपया बोटाच्या टोकावर तोलून धरतं, दुसऱ्या रुपयानं त्याला हळूच टोला देतं आणि कान लावून ऐकतं. आवाज खणखणीत आला की मग भावाची गोष्ट!

समजा, अशा गर्दीत तात्यापाऱ्यातले कुणी मराठी आजोबा पेढीवर आले. त्यांनी खिशातून प्लास्टिकची गोल डबी काढली. आत आरशासारखं लखलखणारं चांदीचं नाणं. एका बाजूला दूरच्या कुठल्या देशाचं बोधचिन्ह, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान, पंख पसरून झेप घेणारं. कॅनडातल्या भाच्यानं कधीकाळी भेट दिलेलं. सोबत इंग्रजीत छापलेलं प्रमाणपत्र आणि मखमली पेटी. सराफ नाणं डबीतून काढतो, उलटंसुलटं बघतो, काट्यावर ठेवतो आणि सांगतो, ‘काकाजी, चांदी तो खरी है, लेकिन भाव तौल का ही मिलेगा.’

आजोबांचा चेहरा उतरतो. भाच्यानं तर सांगितलं होतं, हे ‘लिमिटेड एडिशन’ आहे म्हणून!

छापा विमानाचा खरा, पण काटा सराफाचा! नाण्यावरच्या चित्राला किंमत आहे की नाही? असली तर ती कोण देतं? आणि मुळात लढाऊ विमानं चांदीच्या नाण्यांवर येऊन बसली कशी?

बेट छोटं, नाणं मोठं

अशा नाण्यांची लाट आली ती १९९० च्या सुमाराला. कॅनडाच्या टांकसाळीनं १९९० मध्ये आपल्या विमानविद्येच्या इतिहासावर २० डॉलरच्या चांदीच्या नाण्यांची मालिका सुरू केली. पहिल्याच वर्षी लँकेस्टर हे बॉम्बफेकी विमान आणि ॲन्सन, हार्वर्ड ही वैमानिकांना शिकवणारी विमानं नाण्यांवर आली. युद्धात राष्ट्रकुलातल्या हजारो तरुणांनी कॅनडात विमानविद्येचे धडे गिरवले होते. त्याची ती आठवण.

त्यापाठोपाठ १९९१ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या मार्शल बेटांच्या नावानं दुसऱ्या महायुद्धातल्या गाजलेल्या विमानांची अख्खी मालिका बाजारात आली. तीच चित्रं १० डॉलरच्या पितळी नाण्यांवर आणि ५० डॉलरच्या चांदीच्या नाण्यांवर. चांदीच्या नाण्यात एक औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम शुद्ध चांदी. या देशाची लोकवस्ती पन्नास हजारांच्याही आत. तिथल्या बाजारात व्यवहार चालतो तो अमेरिकी डॉलरमध्ये. मग ही नाणी कुणासाठी? अर्थातच जगभरच्या संग्राहकांसाठी. देशानं नाव द्यायचं, परदेशातल्या टांकसाळीनं नाणं पाडायचं आणि टपालानं घरोघर विकायचं, असा हा धंदा. मार्शल बेटांना युद्धाशी देणंघेणं नव्हतं असं मात्र नाही. १९४४ मध्ये तिथल्या क्वाजालीनवर अमेरिकी आणि जपानी सैन्यांत घनघोर लढाई झाली होती.

ब्रिटननंही ही वाट सोडली नाही. शाही हवाई दलाच्या शताब्दीला, २०१८ मध्ये, दोन पौंडांची पाच नाणी निघाली. त्यातल्या एकावर स्पिटफायर होतं. चांदीच्या आवृत्त्या अर्थातच संग्राहकांसाठी, चढ्या भावानं.

आता हिशेब बघा. १९९१ मध्ये चांदीचा जागतिक भाव होता औंसाला चार डॉलरच्या आसपास. म्हणजे ज्या नाण्यावर ५० डॉलर छापले होते, त्यात चांदी होती चारेक डॉलरची! बाकी सगळी किंमत विमानाच्या चित्राची, पेटीची आणि ‘मर्यादित’ या शब्दाची. सराफाच्या भाषेत सांगायचं तर घडणावळ सोन्याहून पिवळी!

रुपयांची झाली विमानं

पण विमान आणि चांदीचा रुपया यांची सांगड काही १९९० मध्ये पहिल्यांदा जमली नाही. पन्नास वर्षांपूर्वी ती उलट्या बाजूनं जमली होती. तेव्हा विमानाचं नाणं झालं नव्हतं. नाण्यांची विमानं झाली होती.

१९४० मध्ये जर्मन विमानं लंडनवर घोंघावू लागली. इंग्रज सरकारनं साम्राज्यभर आवाहन केलं : पाच हजार पौंड जमवा, एका स्पिटफायरवर तुमचं नाव रंगवू. विमानाचा खरा खर्च याहून जास्त होता, पण लोकांच्या डोळ्यांसमोर ठेवायला हा गोळाबेरीज आकडा बरा. त्या वेळच्या दरानं पाच हजार पौंड म्हणजे सुमारे ६७ हजार रुपये. रुपया तेव्हा बरोबर एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅमचा. एका स्पिटफायरचे रुपये काट्यावर ठेवले असते तर वजन भरलं असतं पाऊण टनाहून अधिक!

हिंदुस्थानातून पैसा गेला. संस्थानिकांनी दिला, व्यापाऱ्यांनी दिला, नोकरदारांकडूनही गोळा झाला. त्याच्या खुणा शाही हवाई दलाच्या तुकड्यांच्या नावांत राहिल्या. १२२ क्रमांकाची तुकडी ‘बॉम्बे’, १३२ क्रमांकाची ‘सिटी ऑफ बॉम्बे’, तर १२४ क्रमांकाची ‘बरोडा’, म्हणजे गायकवाडांचं बडोदं.

यातली सर्वांत जवळची गोष्ट लायसँडर विमानांची. मुंबईच्या ‘वॉर गिफ्ट्स फंडा’तून भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वॉड्रनला बारा लायसँडर मिळाली. १९४१ च्या नोव्हेंबरात पेशावरला समारंभ झाला आणि मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांनी ती स्क्वॉड्रनच्या हवाली केली. लायसँडर हे काही रुबाबदार लढाऊ विमान नव्हे. संथ, उंच पंखांचं, फौजेला टेहळणीत मदत करणारं. पण १९४२ च्या फेब्रुवारीत स्क्वॉड्रन ब्रह्मदेशातल्या तौंगूला पोचली आणि जपान्यांनी तळावर बॉम्ब टाकले, तेव्हा स्क्वॉड्रन लीडर करुण कृष्ण मजुमदार स्वस्थ बसले नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी लायसँडरला बॉम्ब लटकवले आणि सयामच्या हद्दीतल्या माए हाँग सोनच्या जपानी तळावर ते चालून गेले. संरक्षणाला फक्त दोन बफेलो विमानं. पुढच्या दिवशी सगळी स्क्वॉड्रनच त्या वाटेनं गेली. मजुमदारांना त्याच वर्षी ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ मिळाला. या महायुद्धात हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. १९४५ मध्ये लाहोरला हरिकेन विमानाच्या कसरती दाखवताना त्यांचा मृत्यू झाला.

स्पिटफायरच्या नाण्यांना आज जगात तोटा नाही. मुंबईच्या रुपयांवर उडालेल्या लायसँडरचं नाणं मात्र शोधावं लागतं. दिल्लीच्या पालमला हवाई दलाचं संग्रहालय आहे. तिथं लायसँडर प्रत्यक्ष बघायला मिळतं.

या गोष्टीला दुसरीही बाजू आहे, नाण्याला असते तशी. रायपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होतं, राजधानी नागपूर. त्याच प्रांतात, वर्ध्याजवळच्या पवनारला, १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबा भावे यांनी वैयक्तिक सत्याग्रहाला सुरुवात केली. इंग्रजांच्या या युद्धाला ना माणूस द्यावा, ना पैसा, असं जाहीरपणे सांगायचं आणि तुरुंगात जायचं. एकाच प्रांतात कुणी विमानासाठी रुपया देत होता, तर कुणी तो न देण्यासाठी कैद भोगत होता. विमानाचं नाणं हातात घेताना हे दोन्ही आठवलेलं बरं.

बंदा रुपया आटला

रुपयांची विमानं झाली, पण खुद्द रुपयाचं काय झालं? १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडलं आणि इथं लोक घाबरले. नोटा देऊन चांदीचे रुपये घ्यायचे आणि ते मडक्यात घालून पुरायचे, अशी एकच झुंबड उडाली. सरकारनं एक रुपयाची नोट पुन्हा काढली. शिवाय कायदा बदलून रुपयातली चांदी कमी केली. पूर्वी रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी असायची, म्हणजे सुमारे १०.७ ग्रॅम. आता ती अर्ध्यावर, ५.८ ग्रॅमवर आली. उरलेल्यात तांबं, निकेल आणि जस्त. पुढच्या तीनेक वर्षांत व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि जॉर्ज यांचे चोख चांदीचे रुपये टप्प्याटप्प्यानं चलनातून काढून घेण्यात आले. ते टांकसाळीच्या मुशीत गेले. तांब्याचाही इतका तुटवडा पडला की १९४३ मध्ये पैशाला मधोमध भोक पाडावं लागलं. आजीच्या गोष्टीतला ‘भोकाचा पैसा’ तो हाच.

तेवढ्यानंही भागेना. शेवटी युद्धाच्या अखेरीला अमेरिकेनं हिंदुस्थानला तब्बल २२ कोटी ६० लाख औंस चांदी उसनी दिली. म्हणजे सुमारे सात हजार टन! स्वातंत्र्यानंतर ती परत करावी लागली. रुपयातली उरलीसुरली चांदीही १९४७ मध्ये गेली आणि निकेलचा रुपया आला.

बंदा रुपया असा आटला. पण त्यातूनच एक गंमत घडली. १९३९ चा रुपया मुशीत इतका गेला की आज तो हाती लागणं मुश्किल. त्याच्या आदल्या सालाचे रुपये सराफ तोळ्याच्या हिशेबानं देतो, पण अस्सल १९३९ चा मिळाला तर संग्राहक चांदीच्या कितीतरी पट पैसे मोजतो. चांदी तीच, वजन तेच, राजा तोच. फरक फक्त एका आकड्याचा! म्हणूनच या सालाची बनावट नाणीही फार आहेत. ‘घरात सापडला’ म्हणून कुणी स्वस्तात देऊ लागला तर आधी शंका घ्यावी.

युद्धातली ती अर्धी चांदी, ४० टक्के तांबं आणि पाच-पाच टक्के निकेल व जस्त अशी मिसळ मात्र गेली नाही. स्वतंत्र भारताच्या टांकसाळींनी पुढं शंभर रुपयांची स्मारक नाणी अनेक वर्षं याच मिश्रधातूत पाडली. वजन ३५ ग्रॅम, व्यास ४४ मिलिमीटर. भारतीय हवाई दलाला २००७ मध्ये ७५ वर्षं झाली, तेव्हा दोन रुपयांच्या चलनी नाण्याबरोबर शंभर रुपयांचं असं स्मारक नाणंही निघालं. हवाई दल जन्मलं १९३२ मध्ये. त्याच्या सन्मानाच्या नाण्याचा धातू मात्र १९४० च्या टंचाईनं ठरवलेला!

काट्यावर ठेवण्याआधी

आता पुन्हा सदर बाजारातल्या आजोबांकडे येऊ. सराफ त्यांना फसवतो आहे का? मुळीच नाही. त्याचा धंदा चांदीचा आहे. त्याच्या मुशीत गेल्यावर स्पिटफायर आणि पैंजण यांत काही फरक उरत नाही. तो तोलाचाच भाव देणार. आणि तोही आता कमी नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये चांदीनं जागतिक बाजारात औंसाला ५० डॉलरचा पल्ला ओलांडला. म्हणजे मार्शल बेटांच्या ज्या नाण्यात एकेकाळी चारेक डॉलरची चांदी होती, त्यातल्या चांदीनंच नाण्यावर छापलेला आकडा मागं टाकला. विमान विकत घेणाऱ्याला शेवटी तारलं ते चांदीनं!

पण इथंच खरा धोका आहे. चांदी महागली की नाणी मुशीकडे धावतात. १९३९ च्या रुपयाचं झालं तेच विमानांच्या नाण्यांचं होऊ शकतं. म्हणून नाणं काट्यावर ठेवण्याआधी दहा मिनिटं ते वाचावं. वाचावं म्हणजे काय?

पहिली गोष्ट, हे नाणं आहे की नुसतं पदक? देशाचं नाव, किंमत आणि साल या तिन्ही गोष्टी असतील तर नाणं. नुसतं विमानाचं चित्र आणि चांदीचा कस असेल तर ते खासगी कारखान्यानं पाडलेलं पदक. त्याला साधारणपणे चांदीचाच भाव. मग कस पाहावा. ९९९ म्हणजे शुद्ध चांदी, ९२५ म्हणजे स्टर्लिंग. कॅनडाचं २० डॉलरचं नाणं एक औंस वजनाचं असलं तरी स्टर्लिंग आहे. त्यात चांदी भरते २८.८ ग्रॅम. काहीच लिहिलेलं नसेल तर चांदीचा नुसता मुलामाही असू शकतो. चुंबकाला चिकटलं तर ती चांदी नव्हेच. न चिकटलं तरी ती चांदीच असेल असं नाही. त्यासाठी सराफाची कसोटी आहे.

दुसरी गोष्ट, ‘मर्यादित’ म्हणजे किती? प्रमाणपत्रावर आकडा असतो. पन्नास हजार नाणी पाडून ‘मर्यादित’ म्हणणारेही असतात. पन्नास हजार नाणी आणि घेणारे पाच हजार, तर ती दुर्मिळाई कसली? शिवाय मालिकेतलं एकटंदुकटं नाणं संग्राहकाला फारसं नको असतं. त्याला सगळी पंगत हवी असते.

तिसरी गोष्ट आपल्या मराठी घरांसाठी खास. चांदी काळवंडली की रांगोळी किंवा दंतमंजन घेऊन घासायची आपल्याला सवय. निरांजनाला ते ठीक. पण आरशासारख्या झिलईचं नाणं एकदा घासलं की संपलं. ओरखडे कायमचे आणि संग्राहकाचा भाव तिथंच कोसळला. बोटाचे ठसेसुद्धा उमटतात. नाणं धरायचं ते काठानं आणि शक्यतो डबीतून काढायचंच नाही. डबी, पेटी आणि प्रमाणपत्र हा नाण्याचाच भाग समजावा.

चौथी गोष्ट, परतफेडीची. भाच्यानं विमानाचं नाणं दिलं, म्हणून मामानं त्याच्या पेटीत व्हिक्टोरियाचा राणीछाप रुपया टाकला, असं होऊ शकतं. तसं करू नये. पुरावस्तू आणि कलानिधी कायदा, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू आहे. ते कुणालाही आपल्या मनानं देशाबाहेर नेता येत नाही.

आणि शेवटचा प्रश्न, नवी नाणी घ्यावीत का? गुंतवणूक म्हणून चांदी घ्यायची तर साधी चांदी घ्यावी, घडणावळ वाचते. विमानाचं नाणं घ्यायचं ते विमानाच्या प्रेमापोटी. त्याच्यासाठी मोजलेले जादा पैसे परत येतीलच असं धरून चालू नये. आले तर ती लक्ष्मीची कृपा!

मोडीत निघालेलं पुन्हा उडतं

रायपूरजवळच्या मानाला दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली धावपट्टी होती. युद्ध संपलं, धावपट्टी ओस पडली. १९६४ पासून पूर्व पाकिस्तानातून आलेल्या हजारो निर्वासितांनी तिथल्या छावण्यांत आसरा घेतला. आज रायपूरचा स्वामी विवेकानंद विमानतळ मानालाच आहे. युद्ध संपल्यावर उरलेल्या वस्तूंचं असं होतं. कुणी त्या मोडीत काढतं, कुणी त्यांना नवा अर्थ देतं.

युद्धानंतर कानपूरला लिबरेटर जातीची मोठी बॉम्बफेकी विमानं मोडीत टाकलेली होती. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी त्यांतली चाळीसएक पुन्हा उडती केली. १९६८ पर्यंत ती आपल्या हवाई दलात होती. पुढं जगातल्या बड्या संग्रहालयांना लिबरेटर हवं झालं, तेव्हा त्यांतल्या अनेकांना ते भारतातूनच मिळालं. काट्याच्या भावानं भंगार ठरलेली वस्तू ओळखणारा भेटला की वारसा ठरते, ती अशी.

आणि नाण्यावर पंख उमटवायला छत्तीसगडानं कुणाची वाट पाहिली नव्हती. सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी इथं राज्य करणाऱ्या शरभपुरीय घराण्यातल्या प्रसन्नमात्र राजाची सोन्याची नाणी या भागात सापडली आहेत. कागदासारखा पातळ पत्रा एकाच बाजूनं ठोकून त्यावर चित्र उठवलेलं. मधोमध पंख पसरलेला गरुड, बाजूंना शंख आणि चक्र. जुन्या काळाची ओढ असलेल्यांना रायपूरचं महंत घासीदास संग्रहालय जवळ आहे. १८७५ पासून ते या मुलखाचा ठेवा सांभाळतं. त्या पत्र्यातलं सोनं तोलायला गेलं तर मासा-दीड मासा भरेल. पण तो गरुड कुणी वितळवला असता, तर त्या राजाच्या नाण्याची ओळखच पुसली गेली असती.

आजोबांनी म्हणूनच नाणं विकावं की ठेवावं, हा त्यांचा प्रश्न. घरात अडचण असेल तर विकण्यात काही कमीपणा नाही. चांदी अडीअडचणीसाठीच असते. पण ठेवणार असतील, तर एक काम आजच करावं. कागदाच्या चिठोऱ्यावर चार ओळी लिहाव्यात : हे विमान कोणतं, नाणं कुणी दिलं, कधी दिलं आणि त्या युद्धात आपल्या घरातलं कुणी कुठं होतं. चिठोरं घडी घालून पेटीत ठेवावं. नाहीतर तीस वर्षांनी नातू पेटी उघडेल, त्याला नुसती चांदी दिसेल आणि तो सरळ सदर बाजाराची वाट धरेल. तिथं काटा तयारच असतो.